दोन पोळ्यांचा तपास

शेजारची चिनी म्हातारी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात आडवी पडली होती. बाहेरच्या लोखंडी जाळीला आतून कुलूप. किल्ली आत चपलांच्या रॅकवर, हातभर लांब. माझा जाडा हात मनगटापुढे जाईना. "आजी, सरक ना!" असं म्हणून माझ्या नऊ वर्षांच्या नातीनं खांद्यापर्यंत हात आत घातला.

पोलीस खात्यातली कितीतरी प्रकरणं मी विसरले. निवृत्तीनंतरचं, सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातलं हे प्रकरण विसरले नाही.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार म्हणून बाहेर पडले. २०१५ च्या आसपास मुलाकडे सिंगापूरला राहायला गेले होते. एके दिवशी सून हळूच म्हणाली, "आई, दुपारी भूक लागली तर ताट वाढून घेऊन खा हो. डब्यातल्या दोन पोळ्या रोज कमी होतात."

म्हणजे संशयित मीच! तीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब घेतले, आणि ही वेळ. तपास हाती घेतला.

दुपारी घरात मी आणि नात, दोघीच, आणि त्यातली मी झोपलेली. संशय नातीवर, पण पुरावा नाही. दरडावून विचारलं की माणूस तोंड मिटतो. त्यापेक्षा आरोप जरा जास्तीचा करावा. जे केलं नाही ते अंगावर आलं की तो गप्प बसत नाही. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "पोळ्या नेल्यास त्या नेल्यास, लोणचं कशाला नेलंस?"

"लोणचं नाही नेलं! तिला बीपी आहे, आजी!"

"तिला म्हणजे कुणाला?"

पोरगी अडकली. "नेक्स्ट डोअर आंटीला. तिचे गुडघे दुखतात. खाली फूड कोर्टात जेवायला जाता येत नाही. नुसती बिस्किटं खाते, ला." वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची सिंगापुरी सवय तिच्या तोंडी बसलेली.

ही बाई माझी वैरीण. कॉरिडॉरमध्ये वाळत घातलेले माझे सांडगे झाडूनं सरकवायची. मी फोडणी दिली की दार आपटायची.

"हे उद्योग तुला शिकवले कुणी?"

नात तेव्हा शाळेतून आणलेली एक कादंबरी वाचत होती. त्यात लढाईच्या गावातली एक मुलगी शत्रूच्या जखमी सैनिकाला लपूनछपून पाणी नेऊन देते. "ती घाबरते, आजी. खूप घाबरते. बट शी गोज."

"लपून गेली ना? मग चूकच. बरोबर वागणाऱ्याला लपावं लागत नाही. उद्यापासून तिकडं जायचं नाही. प्रकरण बंद."

दुसऱ्या दिवशी चार वाजता पोरगी माझ्या पलंगापाशी उभी. दोन्ही हातांत पोळ्यांची ताटली.

"आजी, मी आंटीकडे जाते. लपून नाही, सांगून. आल्यावर रागाव, ओके?"

मी पदर सावरून उठेपर्यंत ती दाराबाहेर. आणि लगेच तिची किंकाळी.

किल्ली नातीच्या हाताला लागली, जाळी उघडली. पडलेल्या माणसाला हलवायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. नातीनं अँब्युलन्सला फोन लावून ब्लॉक, मजला, सगळं न अडखळता सांगितलं. मी फरशीवर बसून म्हातारीचा हात धरला. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती ताटलीकडे बघून मोडक्या इंग्रजीत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"आंटी विचारते, आज पोळी एवढी जाड का?"

"सांग तिला, आज सुनेनं केल्यात."

म्हातारी त्या अवस्थेतही हसली. हसताना कळ आली, तेव्हा तिनं मला चिनीत शिवीही दिली असावी.

लपणाऱ्यांना पकडण्यात माझी तीस वर्षं गेली. समोर उभं राहून "तुमचं ऐकणार नाही" असं सांगून जाणाऱ्याचं काय करायचं, हे खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. माझा हुकूम चुकला होता. पोरीनं तो पाळला असता, तर म्हातारी तिथंच पडून राहिली असती. हे मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. चूक कबूल करायला मला वेळ लागत नाही, आवडत मात्र नाही.

म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. ती वाचली.