ठोक्याच्या जरा मागे

फंकअण्णा कुठे वेळेवर आले, असं मोशीत कुणी कधी पाहिलं नाही. चाकणच्या कंपनीत शिफ्टला उशिरा, स्वतःच्या हळदीलाही उशिरा. कुणी बोललं की म्हणायचे, "ठोक्याच्या जरा मागं ऱ्हायचं, राव. गाण्याची मजा तितंच हाय." अण्णा बास गिटार वाजवत गायचे, मी कीबोर्डवर. आमच्या बँडचं नाव 'ओव्हरटाइम'. आम्ही सोल आणि फंक, म्हणजे अमेरिकेतलं ठेक्यावर नाचवणारं संगीत, वाजवायचो. गावाच्या मते 'ते कंबर हलवायचं इंग्रजी'.

शिफ्टा जुळेनात म्हणून बँड मोडला. निवृत्त झाल्यावर अण्णांनी सगळ्यांना पुन्हा गोळा केलं आणि आम्ही नवं गाणं रेकॉर्ड केलं. शब्द मराठी, ठेका फंकचा. अण्णांची इच्छा एकच, "गावानं एकदा बसून आख्खं ऐकावं. मग खुशाल शिव्या द्या."

प्रकाशन मोशीतच ठेवलं. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे आणि कोपऱ्यात अण्णांची गिटार; अण्णा नव्हते. त्या दिवशी मात्र ते चक्क वेळेआधी आले. मग सत्कार सुरू झाले. माजी नगरसेवकांचा, भावी नगरसेवकांचा, मंडपवाल्याचा. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि माईक. भावी नगरसेवक म्हणाले, "फंक ही आपल्या मातीतली कला आहे!" अखेर गाणं लागलं आणि तेवढ्यात कुणीतरी जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या कडव्याला समोर नुसत्या खुर्च्या होत्या. अण्णा हसले, पण जेवले नाहीत.

पुढच्याच उन्हाळ्यात हृदयविकाराचा झटका आला आणि अण्णा गेले. दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर सगळं गाव होतं. तेच पुढारी श्रद्धांजलीची भाषणं घेऊन आले होते. भाषणं संपली, पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. तो शिवल्याशिवाय उठायची सोय नाही. भाऊबंदांनी हात जोडून सांगून पाहिलं, "पोरीचं लगीन थाटात करू", "जमीन इकणार न्हाई". कावळा शेडच्या पत्र्यावरून हलेना. शेवटी अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्याकडे वळल्या. "भावजी, त्यांचं गाणं लावा."

मी मोबाइल प्रवचनाच्या माईकपुढे धरला. कुणाला उठता येईना. दुसऱ्या कडव्याला भावी नगरसेवकांचा पाय हलायला लागला. त्यांनी तो हाताने दाबून धरला. गावानं अण्णांचं गाणं बसून आख्खं ऐकलं. मला रडू आवरेना.

गाणं संपलं. आणि मग, ठोक्याच्या जरा मागून, कावळा पिंडावर उतरला.