मोबाईलची सावड

ओतूर भागातली ती केस अजून जशीच्या तशी आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तरीही निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की आधी तीच ओठांवर येते. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही, ती माझी जुनी सवय आहे.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग गस्तीचा आढावा, मग बांधाची भांडणं. मधूनच बिबट्याने वासरू ओढलं म्हणून कुणीतरी धावत यायचं आणि आम्ही त्याला चहा पाजून वनखात्याकडे पाठवायचो. अशा ठाण्यात एके दिवशी जिल्ह्याच्या सायबर शाखेकडून ईमेल आला. साड्या ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाच्या ग्राहकांना फसवे फोन येत होते आणि काहींची बँकखाती रिकामी झाली होती. ग्राहकांचे नंबर दुकानाच्या एका ऑनलाइन कामगाराच्या खात्यातून बाहेर गेले होते. दुकानाने त्या कामगाराला ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर बोलावलं, तर ओळखपत्रावर एक बाई आणि कॅमेऱ्यात दुसरीच. पत्ता आमच्या हद्दीतला, पिंपरी पेंढारच्या बाजूच्या एका मळ्यातला.

एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याचे कान लांब होते. त्याला विचारलं.

"हाय ना साहेब," तो म्हणाला. "त्या घरात दुपारच्या बाया जमत्यात अन् दार लावून मोबाईलवर बोलत्यात. काय ते देव जाणे. लोकं लई काय काय बोलत्यात."

लोकांचं बोलणं मी कधी पुरावा मानला नाही, पण हवा कुठून येते तेवढं त्यातून कळतं.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी करायची, असा कायदा आहे. महिला हवालदाराला घेऊन मी मळ्यात गेलो. ओळखपत्रावरची ती त्या घरची पंचविशीतली सून. नवरा पिकअपवर टोमॅटो वाहायचा. बारावीनंतर लग्न झालं, मग ओतूरला एका क्लासमध्ये जाऊन ती मोबाईलवरचं काम शिकली होती. साड्यांचे फोटो साफ करायचे, खाली मराठी-हिंदीत माहिती लिहायची, ग्राहकांच्या निरोपांना उत्तरं द्यायची. पडवीत ती आमच्यासमोर बसली. सासू दाराआड उभी होती.

"कॅमेऱ्यात बसलेली बाई कोण?" मी फोटो पुढे केला.

तिने फोटो पाहिला आणि मान खाली घातली. "नाय सांगायची."

"दुसऱ्याच्या नावाने बसणं हा गुन्हा आहे. त्यात नंबर चोरीला गेलेत. सगळं तुझ्यावर येईल. नोकरी जाईल, कोर्ट मागे लागेल."

"लागू द्या," ती म्हणाली. "मी नंबर कुणाला दिलं न्हाईत. पर तिचं नाव नाय सांगायची."

सासू दारातूनच बोलली, "साहेब, ती पयल्यापासून अशीच हाय. एकदा न्हाई म्हणली का न्हाई."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलं आहे. चोर आधी दुसऱ्याचं नाव सांगतो आणि मग स्वतःची गोष्ट रचतो. ही पोरगी उलटं करत होती. ती मला अडाणी वाटली नाही आणि लबाडही वाटली नाही. पण वाटण्यावर कागद चालत नाही. दोन दिवसांत जबाब द्या, नाहीतर गुन्ह्यात नाव घ्यावं लागेल, असं बजावून मी उठलो.

पुन्हा गेलो तेव्हा घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "समदी रानात हायती. कांदा लावणी चाललीय."

रानात गेलो. पाणी सोडलेल्या वाफ्यांत बाया ओळीने वाकून कांद्याची रोपं खोचत होत्या, चिखल कोपरापर्यंत. आपसात थट्टा चाललेली. मी बांधावर उभा राहिलो आणि क्षणभर खाकी विसरलो. मी आंबेगाव तालुक्यातला. माझी आई अशीच जायची. आज हिच्या रानात सगळ्या, उद्या तिच्या रानात सगळ्या, मजुरी कुणी कुणाला देत नाही. त्याला आमच्याकडे सावड म्हणतात. सावडीच्या दिवशी आई ताप अंगात घेऊन गेलेली मी पाहिली आहे. वडील रागावले तर म्हणायची, मी नाय गेले तर माझ्या वाफ्यात कोण वाकंल?

आई आठवली आणि डोक्यातली गाठ सैल झाली. मी ओरडून विचारलं, "का गं, मोबाईलचीपण सावड घातलीय काय तुम्ही?"

हात थांबले. मग ओळीच्या कडेची एक बाई कंबर धरून उभी राहिली. फोटोतली तीच. नात्याने सुनेची चुलत जाऊ.

"कॅमेऱ्याम्होरं मी बसले व्हते साहेब," ती म्हणाली. "हिच्या लेकराला ताप व्हता अन् त्या दिवशी वार माझा व्हता. ज्याचा वार त्यानंच बसायचं ना?"

तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण आपण चुकलो असं कुठेच नव्हतं. पाच जणींत शिकलेली एकच आणि दुकानाचं खातं एकच. सुनेने क्लासमध्ये शिकलेलं सगळ्यांना शिकवलं आणि वार वाटून घेतले. ज्यांच्या घरी हे चालणार नव्हतं त्या दार लावून काम करायच्या. नाव सांगितलं असतं तर त्यांच्या घरात आग लागली असती.

मला हसू आलं, पण मुख्य गोष्ट अजून बाकी होती. नंबर कुणी नेले? खात्यातून ते उतरवून घेतल्याची तारीख आणि सकाळची वेळ सायबर शाखेने कळवली होती. मी बायांना त्या दिवसाबद्दल विचारलं.

"त्या दिशी माझ्या रानात सावड व्हती," जाऊ म्हणाली. "समद्या हितंच. फोन घरी. चिखलात फोन कोण आणतं साहेब?"

मळ्यातल्या इतरांनीही तेच सांगितलं. सावडीला कोण आलं नाही हे गाव वर्षभर लक्षात ठेवतं. यापेक्षा पक्की हजेरी आमच्या ठाण्यातही लागत नव्हती.

"मग पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक?"

सून चिखलाचा हात कपाळाला लावून म्हणाली, "क्लासच्या सरांनीच खातं काढून दिलं व्हतं. बदलायचा असतो, हे त्यांनी काय शिकवलं न्हाई."

क्लास एका कापड दुकानाच्या वर होता. खालचे शेठ राजस्थानातून आलेल्या जैन घराण्यातले, पण बोलणं अस्सल ओतूरकर. पंच म्हणून त्यांना वर नेलं. "येतो साहेब, पण लवकर सोडा राव, बाजाराचा दिवस हाय," म्हणत ते आले.

क्लासवाला गोडबोल्या. आधी म्हणाला, विद्यार्थी पुष्कळ असतात, ही मुलगी मला नीट आठवत नाही. मी चहा मागवला आणि गप्प राहिलो. गप्प बसलं की अपराधी माणसाला जागा भरायची घाई होते. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "साहेब, तिथे पाच बायका एक खातं वापरतात. कुणी काय केलं, कसं सांगणार?"

"नीट आठवत नाही म्हणालात," मी म्हटलं. "मग पाच कशा मोजल्यात?"

त्याचा चहा तसाच राहिला. संगणक पंचांसमोर जप्त केला. नंबर त्यातच निघाले. आणखी विद्यार्थिनींच्या खात्यांतूनही त्याने तोच उद्योग केला होता. खात्यात डोकावताना वारागणिक बदलणारी लिहिण्याची ढब पाहून एका नावामागे पाच हात असल्याचं त्याला कळलं होतं आणि संशय त्यांच्यातच फिरत राहील हा त्याचा हिशेब होता. तपास पूर्ण झाला आणि दोषारोपपत्र एकट्या क्लासवाल्यावर गेलं.

पण दुकान म्हणालं, नियम तो नियम. सुनेने एकटीने काम करायचं लिहून दिलं तर तिला ठेवू. मी तिला बोलावून सांगितलं. मला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल.

"अन् ह्या?" तिने विचारलं. "ह्यांनी माझं कांदं लावलं. ह्यांना सोडून मी एकटी कशी करू?"

दुकानवाल्यांशी मी स्वतः बोललो. हे पोलिसाचं काम नव्हतं, तरी बोललो. शेवटी पाचही जणींची वेगवेगळी परीक्षा घ्यायचं ठरलं. पासवर्ड कसा ठेवायचा ते आमच्या सायबरच्या पोराने त्यांना आधी शिकवलं. चौघी पास झाल्या. जाऊ नापास झाली. ठाण्यात येऊन ती म्हणाली, "बघा साहेब, पकडली गेले मी अन् पास झाल्या ह्या." सगळं ठाणं हसलं. पुढच्या खेपेला तीही पास झाली.

गेल्या हिवाळ्यात येडगावला एका लग्नाला गेलो होतो. परतताना मुद्दाम मळ्यावरून आलो. वाफ्यात बाया होत्या, पण टेम्पोतून आलेल्या, रोजंदारीवरच्या. सून घरातून बाहेर आली. तिने चहा केला. पाचही जणींचं आता आपापल्या नावावर काम आहे, सगळं उजेडात आहे, दारं उघडी आहेत.

"सावड?" मी विचारलं.

"नाय राहिली साहेब. ज्याला त्याला आपापलं काम. रानाला येळ कुठाय?" ती हसली. "बरं चाललंय. पर आता कुणाच्या पोराला ताप आला तर तिनंच बसायचं."

मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं आहे. कायद्याला एका कामामागे एकच नाव लागतं, आणि ते मिळवून देणं हेच माझं काम होतं. त्या केसने मला शिकवलं की ज्याचं त्याचं नाव वेगळं केलं की माणूस सुरक्षित होतो आणि थोडा एकटाही होतो. निघताना वाफ्यातल्या अनोळखी बायांकडे पाहिलं. त्या भराभर रोपं खोचत होत्या आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.