सुनबाईचे दगड

सून बाळंतपणाला वाईला म्हायेरी निघाली, तवा तिनं माझ्या हातात तीन कुंड्या दिल्या. कुंड्या कसल्या, चहाच्या कपाएवढ्या. आत मातीत एकेक दगड, मधोमध चिरलेला.

"मामा, ही आफ्रिकेतली झाडं हाईत, दगडासारखी दिसत्यात. बी टाकून वाढवलीत मी, लय जीव हाय माझा त्यांच्यात. मी येईस्तोवर पानी घालू नका."

मी म्हनलं, व्हय. शाळंत न गेलेला मानूस व्हय लगीच म्हनतो.

मनात म्हनलं, आमच्या कडेगावच्या माळावर मी ल्हान असताना दगडाबिगर काय दिसत नव्हतं, आन ही दगडाचं बी मागवून पेरती. लय शिकल्याली पोर.

थोड्या दिसांत एका दगडाची कातडी सुरकुतली, कागदावानी झाली. तानेनं मेलं! कॅनॉल आल्यापास्नं आमी बांधावरच्या बाभळीला बी पानी पाजतो, आन माझ्या दारात सुनंचं झाड तानेनं मरावं? मेल्यालं कुंडीसकट गोठ्याच्या पत्र्यावर टाकलं. उरल्याल्या दोघांना सकाळ-सांज तांब्या तांब्या वतला.

काय फुगली गड्या! बायकोला न्हेऊन दावली. "बघ, कशी अंगाला लागली."

"आवं, पानी नगं म्हनली हुती ना ती?"

"तिला काय कळतंय? माझा जलम शेतीत गेला."

दोन्ही फुटली. मंग पिकल्या केळावानी मऊ झाली. मंग वास सुटला. शेतीत गेल्याला जलम घिऊन मी नाक धरून बसलो.

सून आली. बाळ सासूच्या हातात दिलं आन सरळ कुंड्यांकडं गेली. वाकून बघितलं आन तिचं डोळं भरलं. त्यापरीस चार शिव्या बऱ्या.

"तिसरं कुठाय, मामा?"

"ते तर पयलंच गेलं," म्हनलं, आन मढं दावायला शिडी लावून पत्र्यावरनं कुंडी काढली. बघतो तर वाळकी कातडी फाटल्याली, आन आतनं नवा कोरा हिरवट दगड डोकावतोय.

सून रडता रडता हसली. "आवं मामा, ह्ये कात टाकत हुतं. जुनी पानं वाळून नवी येत्यात. एवढं कुनी सांबाळलं ह्याला?"

"ह्यांनीच," बायको म्हनली. "इसरलं हुतं."

आता ती कुंडी परत पत्र्यावर, माझ्याच ताब्यात हाय. काम येकच, तिला इसरायचं. बायको म्हनती, त्यात ह्यांचा हात कोन धरनार न्हाई. पर सांगून इसरता येत न्हाई बगा. रोज सकाळी पत्र्याखाली जाऊन हुबा ऱ्हातो. जायच्या आदी तांब्या तेवढा बायको काढून घेती.