पाळण्यात बसायचं होतं

मदतीला धावून येणाऱ्या माणसांची मला अजून धास्ती वाटते. हसायचं तर हसा, पण मी तसली मदत महाडच्या जत्रेत भोगलेली आहे.

लहानपणी तापात माझा उजवा पाय गेला तो गेलाच. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतेय. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, काखेत कुबडी. आमचं गाव पोलादपूरच्या अलीकडे. मी दरवर्षी जत्रेला जायचे म्हणजे काय, तर आई मला देवळाच्या पायरीपाशी पोत्यावर बसवायची आणि भज्यांचा पुडा हातात द्यायची. समोर पाळणा फिरायचा. दांडगा, लाकडी, माणसं लोंबकळून तो फिरवायची. पाळणा वर गेला की पोरी किंचाळायच्या. मला तसं एकदा किंचाळायचं होतं, बस्स.

त्या वर्षी आई ओटी भरायला देवळात गेली आणि मी उठले. गर्दीचे धक्के खात पाळण्यापर्यंत पोचले. पाळणेवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "कोणीतरी उचलून बसवा, सोबत बसा. मग माझी ना नाय."

आता आली का पंचाईत! मी कधी कुणापुढे हात पसरला नव्हता, तेवढा एकच तोरा होता माझ्याकडे. पण आमच्या गावची देवाची उंच काठी नाचवून घामाघूम झालेला मामा समोरून येत होता, बरोबर गावातले तिघे गडी. मी तोरा गिळला आणि ओरडले, "मामा, मला उचल ना!"

मामाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. आमच्याकडे दुखणाईत माणसाला देवाच्या पालखीखालून काढतात. आई कित्येक वर्षं त्यासाठी माझ्यामागे लागली होती आणि मी नाही म्हणजे नाही म्हणत होते. पालखी नेमकी तेव्हाच चौकात आली होती. मामाला वाटलं, पोरीला शेवटी सुबुद्धी झाली.

चौघांनी मला उचललं. कुबडी तिथेच पडली. "पाळण्याकडे! अरे, पाळण्याकडे!" मी बोंबलत होते, पण ढोलांच्या दणक्यात ऐकतंय कोण? लोक हात जोडून वाट देत होते. मला कुठे जायचंय हे त्यातल्या एकाने विचारू नये? माझा संताप अनावर झाला. मी हात झाडले, धड पायाने लाथा मारल्या, एकाच्या दंडाला कडकडून चावले. केस सुटून तोंडावर आले.

तेवढ्यात एक बाई किंचाळली, "अंगात आलं गो हिच्या!"

झालं! मला पालखीखालून काढून जमिनीवर बसवलं आणि बायका भोवती जमल्या. कपाळभर कुंकू फासलं. कोण कुठली म्हातारी माझ्या लुळ्या पावलावर डोकं टेकून गेली. एरवी त्या पायाकडे लोक नजर टाकायचंही टाळायचे, आणि आता पाया पडायला रांग.

गर्दी बाजूला सारत आई आली. मला वाटलं, चला, सुटले. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने हात जोडले. मला. स्वतःच्या पोरीला. "देवा, सांग रे, माझ्या पोरीचा पाय कधी बरा होईल?"

मला रडू कोसळलं. "आई, मी हाय गो. देव नाय, मीच हाय. मला पाळण्यात बसायचंय."

ढोल पुढे गेले होते. तिला स्पष्ट ऐकू गेलं. तरी ती तशीच हात जोडून बघत राहिली. मग हात हळूहळू खाली आले. तिच्या तोंडावरची आशा उतरताना मी पाहिली, समोर मी आहे एवढ्याच कारणाने.

बायका पांगल्या. मामा मान खाली घालून पालखीमागे गेला. आईने पदराने माझं कुंकू पुसलं, कपाळ सोलून निघेल असं.

"घटकाभर गप्प राहिली असतीस," ती म्हणाली, "तर तुझं काय गेलं असतं गो?"