स्थळाच्या चौकशीला : सातारा ते कवठे महांकाळ

माझ्या नातीने, मुक्ताने, शेती करणारा मुलगा पसंत केला आणि आमच्या घरात कुणालाच स्वस्थ बसवेना. मुक्ता साताऱ्यात माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शेतकी शिकलेली आहे. मुलगा कवठे महांकाळकडचा, नाव अभिजित. द्राक्षं लावतो, बेदाणा करतो. नातेवाइकांतून स्थळ आलं, दोघं दोनदा भेटली, आणि तिसऱ्या भेटीआधी मुक्ता म्हणाली, "मला चालेल."

माझा मुलगा म्हणाला, "आण्णा, हल्लीच्या पोरांचं काही सांगता येत नाही. एकदा गावात जाऊन चौकशी करून या. तुम्ही सांगाल तसं."

वय वर्षं शहात्तर. इतकी मोठी जबाबदारी पोस्टातून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच अंगावर आली होती. त्याच दिवशी पिशवी भरली, मग दोनदा उपसून पुन्हा भरली.

पहिला दिवस. सकाळी आठची सातारा-सांगली एसटी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही. आधारकार्ड मात्र वरच्या खिशात ठेवा, कंडक्टरला दाखवावं लागतं. हमरस्त्याचं काम चालू आहे, जागोजागी गाडी सेवारस्त्यावर उतरते. घाईत असाल तर तासभर जास्त धरून निघा.

उंब्रज आलं आणि मी उगाच उठून उभा राहिलो. माझी शाळा इथली. आमचे मास्तर कविता शिकवायचे नाहीत, म्हणवून घ्यायचे. चाळीस पोरं एका सुरात, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. त्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत. एसटी खड्ड्यातून गेली की आपोआप चाल लागते आणि ओठ हलायला लागतात. तेव्हा गल्लीतले म्हातारे वडिलांना सांगायचे, "तुमचं पोरगं सदा पुस्तकात तोंड घालून. कामाचं न्हाई ते." वडील मान हलवायचे.

माझ्या शेजारच्या खिडकीत कॉलेजातला एक मुलगा होता. कानात इअरफोनची बोंडं, डोळे मिटलेले. कोयनेच्या पुलावर मी त्याला हलवून म्हणालो, "अरे, नदी बघ." त्याने एक डोळा उघडला, "रोज बघतो, आजोबा," म्हणाला आणि पुन्हा मिटला. मागच्या बाकावरच्या मुली फोनमध्ये बघून खिदळत होत्या. मला वाटलं, ह्यांच्या पाठ्यपुस्तकात कविता असतात की नाही? पेठ नाक्यापर्यंत मी मनातल्या मनात एका सबंध पिढीला नापास करून टाकलं होतं.

सांगलीत गाडी बदलून दुपारी मिरजेत उतरलो. स्टेशनजवळ लॉजवर सहाशेत स्वच्छ खोली मिळाली. गरम पाण्याची बादली मात्र मागून घ्यावी लागते. जेवून झोपायचा विचार होता, पण डोळा लागेना. उठून तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. भिंतीला भोपळे टांगलेले. एक कारागीर तीच तार पुन्हा पुन्हा छेडत होता, कान लावायचा, खुंटी पिळायचा, पुन्हा छेडायचा. अर्धा तास एकच तार. मी निघालो तेव्हाही ती लागली नव्हती.

दुसरा दिवस. सकाळी सहाच्या एसटीने कवठे महांकाळ, एक तासाचा रस्ता. पुढे आठ किलोमीटर वडाप, म्हणजे भरली की सुटणारी जीप. माणशी वीस रुपये. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे वाचलंत की कळेल. फेब्रुवारीत या भागात जाण्यासारखं आहे. माळ कोरडा ठणठणीत, आणि मधेच द्राक्षबागांचे हिरवे चौकोन, बेदाण्याच्या हिरव्या जाळीच्या शेड.

आता चौकशीची रीत सांगतो. माझ्या थोरल्या काकांकडून ती माझ्याकडे आली. मुलाच्या घरी जायचं नाही. दूध डेअरी, न्हाव्याचं दुकान, पिठाची गिरणी अशा ठिकाणी बसायचं. आपण कोण ते सांगायचं नाही. एकाच मुलाचं नाव घ्यायचं नाही, दोघा-तिघांची विचारपूस करायची, म्हणजे संशय येत नाही. आणि विचारायचं ते जाणत्या माणसांना. पोरासोरांना नाही.

सकाळी साडेसातला डेअरीच्या ओट्यावर चौघे जण रिकाम्या किटल्या घेऊन बसले होते. सगळे माझ्याच वयाचे. बरं वाटलं.

"पावनं, कुणाकडं?" एकाने विचारलं.

"सहज. बेदाणा बघायला आलोय."

"बेदाणा बघाय इस्त्रीची कापडं?" दुसरा म्हणाला आणि चौघंही हसले. "आवं, स्थळाच्या चौकशीला आलाय म्हणा की. मागल्या म्हयन्यात एक आलंतं, त्ये म्हणत हुतं बैल घ्यायचाय. हातात ब्रीफकेस!"

रीत पहिल्याच मिनिटाला मोडली. मग मी सरळ अभिजितचं नाव घेतलं. दुसरं नाव घ्यायचं भानच राहिलं नाही.

पहिला जरा गंभीर झाला. "पोरगं वाईट न्हाई. पर आताची पोरं तुमास्नी म्हाईतच हाईत."

"म्हणजे?"

"दिसभर मोबाईल. मोठ्यास्नी मान न्हाई. कष्ट म्हणलं की अंगावर काटा. गाडी फिरवायची, ढाब्यावर बसायचं."

"पितो का?"

"आता कोण पीत न्हाई?"

"म्हणजे पितो?"

"म्या कुठं म्हणलं पितो? आताची पोरं म्हणलं."

बाकीचे तिघे मान हलवत होते, आणि खरं सांगतो, मीही हलवत होतो. पाचव्या किटलीसारखा त्यांच्यात बसलो होतो. चहा झाला. त्यांनी मला पैसे देऊ दिले नाहीत. बाजूला येऊन मी मुलाला फोन केला आणि एका शब्दात सांगितलं, "नको."

"बरं झालं गेलात," तो म्हणाला. "मुक्ताला सांगतो."

काम झालं होतं. वडाप मात्र भरत नव्हतं, आणि मला एका जागी बसवत नव्हतं. समोर न्हाव्याचं दुकान दिसलं. म्हटलं, दाढी तरी करून घ्यावी. गालाला साबण लागल्यावर वाटलं, रीतीप्रमाणे अजून एका ठिकाणी विचारावं, म्हणजे मनाला रुखरुख नको. ह्या वेळी नीट, आधी दुसरं नाव घेऊन. पण गावात मला दुसरं नाव कुठलं माहीत? तोंडाला आलं ते बोललो.

"मळ्यातला प्रणव कसा काय मुलगा आहे हो?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. बाकावर पेपर वाचत एक निवृत्त सुभेदार बसले होते, पांढऱ्या मिशा वळलेल्या. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "प्रणव? मळ्यातला व्हय? कामातनं गेलंय ते."

मी आरशातून त्यांच्याकडे बघत राहिलो.

"दिसभर मोबाईल," सुभेदार म्हणाले. "मोठ्यांची रिस्पेक्ट न्हाई. डिसिप्लिन तर न्हाईच न्हाई. गाडी घ्यायची आणि ढाबा."

"अन् केस!" न्हावी म्हणाला. "हितं एका अंगाला न्हाईतच."

"वडिलांचं ऐकतो का?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"बापाचं? बाप रडकुंडीला आलाय त्येचा."

मी अर्ध्या मिनिटापूर्वी जन्माला घातलेल्या पोराचा बाप रडकुंडीला आला होता.

पुढे अभिजित कसा आहे, ते मी विचारलं नाही. विचारून काय ऐकणार होतो? गालाचा साबण वाळत होता आणि मला गेल्या वर्षीची एक सकाळ आठवत होती. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फिरताना एका अनोळखी गृहस्थाने मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीबद्दल विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "मुलगी चांगली आहे. पण हल्लीच्या मुली, तुम्हाला माहीतच आहेत." मग हवेबद्दल बोलून आम्ही आपापल्या वाटेने गेलो. तिचं पुढे काय झालं, मी विचारलंही नाही.

दाढी झाली. न्हाव्यालाच अभिजितची शेड कुठे ते विचारलं आणि चालत निघालो. दीड किलोमीटर, सावली नाही. माझ्यासारखे असाल तर टोपी आणि पाण्याची बाटली ठेवा.

शेडमध्ये जाळ्यांचे अकरा-बारा मजले, एकावर एक, त्यावर पसरलेली द्राक्षं, निम्मी हिरवी, निम्मी सुरकुतलेली. गंधकाचा वास नाकात जातो. दाराशी एक तरुण पालथ्या क्रेटवर बसला होता. हातात मोबाईल, तोंड मोबाईलमध्ये. मला बघून उठला.

"तुमी मुक्ताचे आजोबा."

"कसं ओळखलंस?"

"तिचा मेसेज आला नऊ वाजता. आजोबांनी गावात येऊन नको सांगितलं म्हणून." त्याने क्रेट माझ्याकडे सरकवला. "बसा की. नको म्हणलं म्हणून उभं ऱ्हायचं न्हाई."

पाणी दिलं. मी प्यायलो.

"ह्यो तिसरा नकार," तो म्हणाला. चिडून नाही, मोजून. "पयले दोन शेती करतो म्हणून. ह्यो कशापायी, त्ये तरी सांगा."

मी ओट्यावरचं सगळं सांगितलं. दिवसभर मोबाईल, मान नाही, कष्ट नको.

"मोबाईल हाय," तो म्हणाला. "जाळीवर माल असताना ढग आलं की आमची झोप उडती. निम्मा वेळ हवामान बघतो, निम्मा वेळ रील. खोटं कशाला बोलू?"

"आणि पितोस?"

"वर्षातनं दोन-तीनदा बियर. मुक्ताला ठावं हाय. पयल्याच भेटीत सांगितलंय."

मला ते आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही. पण हे ओट्यावर मला कळलं नव्हतं. तिथे मी विचारलं तरी कळलं नव्हतं.

"तुमी माझ्याएवढ्या कुणाला इचारलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"का?"

तशी रीत नाही, एवढंच उत्तर होतं, आणि ते द्यायची लाज वाटली. म्हणून उलट विचारलं, "तुमच्या गावात मळ्यात प्रणव नावाचा कोणी आहे?"

तो आठवून बघायला लागला. "प्रणव? कोणच न्हाई. का वं?"

मी सांगितलं. तो आधी हसला, चांगला मोठ्याने. मग हसणं मधेच थांबलं. "म्हंजी म्या नसतो तरी माझं असंच सांगितलं असतं," तो म्हणाला आणि वळून जाळी हलवायला लागला, खालचे मणी वर यावेत म्हणून. बराच वेळ हलवत राहिला. निघताना त्याने मला वडापापर्यंत गाडीवरून सोडलं. हळू चालवली. माझा नंबर त्याने घेतला नाही, मी मात्र त्याचा मागून घेतला.

परतीच्या एसटीत कवठ्यापासून सांगली आणि सांगलीपासून कराडपर्यंत तीनदा जागा बदलली. एकही कविता ओठांवर आली नाही. मुलाला फोन करावा म्हणून दोनदा काढला, दोनदा ठेवला. 'नको' म्हणायला एक शब्द पुरला होता. ते मागे घ्यायला किती लागतील, अंदाज येईना.

साडेसातला घरी पोचलो. मुलाने पिशवी घेतली आणि मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "माझं 'नको' मी मागे घेतो."

"आण्णा, सकाळी नको म्हणालात. आता हो म्हणता?"

"हो म्हणत नाही. मला कळलेलं नाही, एवढं कळलंय."

मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डेअरीच्या ओट्यापासून प्रणवपर्यंत सगळं ऐकून घेतलं तिने. हसली नाही. म्हणाली, "आजोबा, माझी चौकशी करायला कोणी आलं, तर तुम्ही काय सांगाल?"

"सांगेन, मुलगी हुशार आहे, मनमिळाऊ आहे…"

"पुढे?"

"पण," मी म्हणालो, आणि तिथेच अडकलो.

'पण' कुठून आला, मलाच कळेना. ती घरी किती वाजता येते, ते मला माहीत होतं. फोनवर किती वेळ असते, तेही. ती दिवसभर त्या प्रयोगशाळेत काय करते, काय बघून तिने हा मुलगा निवडला, ह्यातलं काही मी कधी विचारलं नव्हतं. एकाच घरात राहून. ती वाट बघून आत गेली.

तुम्ही असे कोणाच्या चौकशीला निघाला असाल, तर रस्ता वर लिहिलाय. लॉज चांगलं आहे, वडाप वेळेवर नसतं. ओट्यावर बसा, चहा प्या, माणसं जीव लावणारी आहेत. पण ज्याची चौकशी आहे त्याच्या शेजारच्या क्रेटवर आधी जाऊन बसा. मी उलट्या क्रमाने केलं.

माझ्या तोंडून गेलेलं माझ्याच तोंडाने परत आणायला हवं होतं. मी गॅलरीच्या ह्या टोकाला उभं राहून अभिजितला फोन लावला. लाईन व्यस्त. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. व्यस्त. मला राग यायला लागला, जीभ वळवळली, हल्लीची पोरं. तिसऱ्यांदा लावला, तोही व्यस्त. तेव्हा माझं लक्ष गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडे गेलं. मुक्ता कठड्याला टेकून उभी होती, पाठ माझ्याकडे, कानाला मोबाईल. हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती, मधेच थांबून ऐकत होती.

मी फोन खिशात ठेवला, आवाज न करता दार लोटून घेतलं, आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघत आतल्या खोलीत येरझारा घालत राहिलो.