पायात चपला असतील तरच

नवीन पनवेलला बथशेबाबाईंच्या हॉलमध्ये आम्ही नोकरदार मंडळी इंग्रजी बोलायला शिकतो. पुस्तक उघडलं की बाई चिडतात. त्यांचा कायदा एकच: आत्ता चाललंय त्याला चालू काळ, कायमचं आहे त्याला साधा.

एकदा क्लासला उशीर झाला म्हणून सुकापूरच्या सत्यजीतनं घरून, बनियनवरच, बाईंना फोनवर 'आय ॲम कमिंग' ठोकून दिलं. नेमकी मागे कुकरची शिट्टी झाली. बाई कडाडल्या, "पायात चपला असतील तरच 'कमिंग' म्हणायचं! तू 'आय कम लेट' म्हण, ते तुझं कायमचं आहे."

परवा क्लास चालू असतानाच इस्राएलहून बाईंच्या नातीचा, एफ्रातचा फोन आला. तिला मराठी येत नाही. आजी, इकडे राहायला कधी येणार, हे तिनं इंग्रजीत नेहमीसारखं विचारलं. पाय सोफ्यावर घेऊन बसलेल्या बाई लाडानं म्हणाल्या, "आय ॲम कमिंग, डार्लिंग!"

सत्यजीत उठला. दारातल्या बाईंच्या चपला आणून त्यानं अगदी अदबीनं सोफ्यापुढे मांडल्या.

बाईंनी चपलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे जळजळीत पाहिलं. फोनमध्ये मात्र हळूच म्हणाल्या, "नो, एफ्रात. आय लिव्ह इन पनवेल."