पाण्याचा वास

अहमदपूरला माझा ट्रक बघणारा मिस्त्री पाणी पिण्याआधी ग्लासाचा वास घेतो. लग्नाच्या पंगतीतही घेतो. माझ्या घरी घेतला, तेव्हा बायकोचं तोंडच उतरलं होतं.

ट्रकचा धूर साफ करायला डीईएफ नावाचा द्रव लागतो. इकडं सगळे त्याला युरियाच म्हणतात. त्याचा डबा तो सावलीत ठेवतो, झाकण घट्ट. ओतायचं नरसाळंही वेगळं; डिझेलच्या नरसाळ्याला तिथं मज्जाव.

परवा मी उरलेला युरिया पाण्याच्या बाटलीत भरून केबिनमध्ये ठेवला. त्यानं ती बाटली काढली, ओतून दिली आणि पात्यानं मधोमध कापली.

"अहो, वाया घातलं की!" मी चिडलो.

"पाण्यावानी दिसतं हे," तो हळू म्हणाला. "मीबी अशीच बाटली भरून ठिवली होती. बापानं पाणी समजून तोंडाला लावली."

"मग?"

"वाचला. पण माझ्या हातचं पाणी पुन्हा घेतलं न्हाई. जाईस्तोवर न्हाई."

मग त्यानं माठातून ग्लास भरला, वास घेतला आणि माझ्यापुढं धरला. तहान नव्हती, तरी मी तो सगळा प्यालो.